दुसरी बॅटरी

माझ्या बाबांच्या भाषेत टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. त्यामुळे मी "बाबा, मला दुसरी बॅटरी घ्यायचीय, बॅकअपला" असं म्हटल्यावर त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "पहिलीला काय झालं?"

पहिलीला काहीच झालेलं नव्हतं. सगळा घोळ तोच आहे, पण तिथं मी जरा उशिरानं येते.

येत्या फेब्रुवारीत मी मेघालयात केव्हिंगला जाणार आहे. ज्यांच्याबरोबर जातेय त्यांनी सामानाची यादी पाठवली. हेल्मेट, गमबूट, गुडघ्याचे पॅड वगैरे ठीक होतं. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, 'प्रत्येकी तीन स्वतंत्र दिवे. मोबाइल धरू नये.' मी ग्रुपवर विचारलं, तीन कशाला? उत्तर आलं: "पहिला गेला की दुसरा लावायचा आणि बाहेर पडायचं. दुसरा गेला तर तिसरा. दुसऱ्या-तिसऱ्यावर गुहा बघायची नसते." हा केव्हिंगवाल्यांचा जगभरचा जुना नियम आहे. त्यातला 'स्वतंत्र' हा शब्द मी तेव्हा नुसता वाचून सोडून दिला.

आपण महाराष्ट्रातले लोक 'गुहा' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर बहुतेक लेणी असतात. कांजूरमार्गच्या आमच्या घरापासून पवईच्या पलीकडे, डोंगराच्या त्या बाजूला कान्हेरी आहे. शंभराहून जास्त लेणी, आणि शाळेतल्या सहलींमुळे आमच्या पिढीनं ती वडापावसकट पाहिलेली. कान्हेरीच्या चैत्यगृहात अगदी स्तूपाच्या मागे जाऊन उभं राहिलं तरी मागे वळलं की उजेड दिसतो. ती माणसांनी खोदलेली आहेत. खोदणाऱ्यांनी उजेडाचा विचार आधीच करून ठेवलाय, दर्शनी भागातली ती मोठी कमानदार खिडकी त्यासाठीच. आपल्याकडे मैलोन्‌मैल आत जाणाऱ्या नैसर्गिक गुहा नाहीत याचं कारण खडक. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा काळा बेसाल्ट पाण्यात विरघळत नाही. मेघालयात चुनखडी आहे आणि पाऊस तर विचारूच नका. पावसाचं पाणी हवेतला, मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, चुनखडीच्या भेगांत शिरतं आणि हजारो वर्षं खडक खात बसतं. जैंतिया डोंगरातली क्रेम लियात प्राह तीस किलोमीटरहून लांब आहे. (क्रेम म्हणजे खासी भाषेत गुहा.) आपल्या मोजणीत सांगायचं तर कांजूरमार्गहून कल्याणच्या पुढे, पण जमिनीखालून आणि मध्ये एकही स्टेशन नाही. या गुहांत पावसाळ्यात पाणी भरतं, म्हणून जायचं ते कोरड्या दिवसांत.

मुद्दाम अंधार खोदलेली एक जागा मात्र आपल्याकडे आहे. देवगिरीची अंधारी. शत्रू आत शिरला की चाचपडावा, आपटावा, आपल्याच माणसांवर तलवार चालवावी म्हणून कातळात वळणावळणाची वाट काढलेली. लहानपणी सहलीला गेलो तेव्हा गाइडनं पुढे टेंभा धरला होता आणि मध्येच तो मागे नेला. चाळीस मुलं एकदम किंचाळली. सर ओरडले. मला आठवतं ते एवढंच की मी डोळे उघडले की मिटलेत हे मला कळत नव्हतं, म्हणून मी पापणीला बोट लावून पाहिलं.

तसा अंधार मुंबईत मिळत नाही. आमच्या खिडकीतून रात्री दोन वाजताही पिवळा-पांढरा उजेड येतो. रस्त्याचे दिवे, मेट्रोच्या कामाचे फ्लडलाइट, समोरच्या टॉवरच्या जिन्यातली ट्यूब. गडावर अमावास्येच्या रात्रीसुद्धा वीस-तीस मिनिटांत डोळे सरावतात, वाट निदान राखाडी दिसायला लागते. गुहेत डोळे सरावत नाहीत. सरावायला थोडा तरी उजेड लागतो, आणि तिथं तो शून्य असतो.

आता जीवधन.

तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. आम्ही सहाजण. पहाटेच्या लोकलनं कल्याण, मग एसटीनं वैशाखरे, तिथून नाणेघाट चढून वर. रात्री घाटघरला एका घराच्या पडवीत झोपलो आणि दुसऱ्या दिवशी जीवधन. ग्रुपमध्ये एक इंजिनिअरिंगचा मुलगा होता, तिसऱ्या वर्षाचा, त्याचा हा दुसराच ट्रेक. मला ताई म्हणायचा, माझ्या मागे-पुढे असायचा.

जीवधनच्या माथ्यावर धान्यकोठार आहे. दगडी, कमानदार, आत एकामागे एक खोल्या. १८१८ च्या लढाईत आतलं धान्य जळलं आणि त्याची राख अजून तिथं आहे असं सांगतात. आम्ही तिथं पोहोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. उशीर माझ्यामुळे झाला होता, मला वानरलिंगी सुळक्याचे सगळ्या बाजूंनी फोटो हवे होते. आतल्या खोलीत जायला मी हेडलॅम्प काढला, बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. मग मोबाइलचा टॉर्च लावला, आत जाऊन आलो, राख पाहिली, अजून फोटो काढले. मोबाइल अकरा टक्के. पॉवर बँक घाटघरला, मोठ्या बॅगेत.

उतरताना अंधार पडला. इंग्रजांनी त्याच १८१८ मध्ये सुरुंग लावून जीवधनच्या पायऱ्या उडवल्या होत्या, त्यामुळे काही ठिकाणी पायऱ्या आणि काही ठिकाणी नुसता कातळ. सहाजणांत चालू दिवे दोन. एक सर्वांत पुढे, एक सर्वांत मागे, असं ठरलं, आणि तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं. मी शेवटून दुसरी होते. माझ्या पुढे तो मुलगा.

मागून येणाऱ्या दिव्याचं काय होतं हे तोवर मला माहीत नव्हतं. तुमची स्वतःची सावली, लांबलचक, नेमकी पुढच्या पायरीवर पडते. म्हणजे माझी सावली त्याच्या पायाखाली पडत होती. त्यानं जिथं पाय ठेवला तिथं त्याला पायरी वाटली, आणि तिथं काही नव्हतं. सात-आठ फूट घसरला. हात टेकला तो मनगटावर. डोक्याला लागलं नाही, दरीच्या बाजूला गेला नाही. पण मनगट मोडलं होतं, ते बघूनच कळत होतं. ओढणीनं हात गळ्यात बांधून, एका वेळी एक पाऊल असं त्याला खाली आणायला आम्हाला तीन तास लागले. सहा आठवडे प्लास्टर. त्याची प्रॅक्टिकल्स त्या महिन्यात होती.

खाली आल्यावर त्यानं विचारलं, "ताई, तुमच्याकडे बॅटरी नव्हती का?"

मी म्हटलं, "होती रे. खराब निघाली."

हेच मी त्याच्या आईला फोनवर सांगितलं. घरी सांगितलं. ऑफिसात सांगितलं. जिथून हेडलॅम्प घेतला होता तिथं जाऊन एक स्टार दिला आणि खाली लिहिलं की ऐन वेळी धोका दिला, घेऊ नका. आठवड्याभरानं बाबांनी तो हेडलॅम्प उचलला, सेल काढून जिभेला लावून पाहिले (हे करू नका), ड्रॉवरमधले नवे टाकले. दिवा लख्ख लागला. "सेल बसलेत फक्त," ते म्हणाले. "बॅगेत बटण दाबलं गेलं असेल. रात्रभर पेटत राहिली असेल." मी "असेल" म्हटलं आणि विषय बदलला. एक स्टार काढायला मला आणखी वर्ष लागलं.

तर "पहिलीला काय झालं?" या प्रश्नाचं उत्तर हे.

बाबा एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला वायरमन होते, निवृत्त झाले. मी यादी त्यांना वाचून दाखवली तेव्हा 'स्वतंत्र' या शब्दावर ते थांबले. म्हणाले, "आमच्याकडे थंड पाण्याचे दोन पंप होते. एक चालू, एक स्टँडबाय. साहेब लोक आले की आम्ही दाखवायचो, बघा, स्टँडबाय आहे. एका रात्री पॅनल जळलं. दोन्ही बंद. दोघांची लाइन एकाच पॅनलवरनं. म्हणजे इतकी वर्षं पंप एकच होता, आम्ही दोन मोजत होतो."

मी जीवधनला दिवे दोन मोजले होते, हेडलॅम्प आणि मोबाइल. पण दोन्हींचं पॅनल एकच होतं, माझा निष्काळजीपणा. एक न बघता बॅगेत कोंबला, दुसरा न बघता फोटोंत संपवला. तिथून पुढे बॅकअपचा दिवा निवडताना मी प्रत्येक वेळी हाच प्रश्न विचारत गेले की पहिला ज्या कारणानं बंद पडेल, त्याच कारणानं हाही पडेल का?

हा प्रश्न लावला की बरेच दिवे आपोआप गळतात. माझा मुख्य हेडलॅम्प आता रिचार्जेबल आहे, १८६५० सेलचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा तो लिथियम सेल. भरपूर उजेड, चांगला टिकतो. मग दुसराही रिचार्जेबल घ्यावा असं पहिल्यांदा वाटलं, एकच केबल, सुटसुटीत. पण गेस्टहाउसमध्ये रात्री वीज नसली तर दोन्ही उपाशी. शिवाय पुष्कळ हेडलॅम्पमध्ये सेल आतच बंद असतो, बदलता येत नाही. गुहेत प्लग नसतो. म्हणून दुसरा साध्या ट्रिपल-ए सेलवरचा, जे सोहऱ्याच्या बाजारातही मिळतील.

दुसरी गोष्ट, चांगल्या महागड्या दिव्यांत असं सर्किट असतं जे सेल उतरत गेला तरी उजेड एकसारखा ठेवतं. छान वाटतं. पण मग सेल संपतो तेव्हा फारशी पूर्वसूचना न देता संपतो. साधा दिवा हळूहळू मंद होत जातो. मुख्य दिव्याला सर्किट हवंच, पण बॅकअपचा मंद होत जाणारा असला तर मला चालेल, उलट बरंच. बाबांच्या वेळची बॅटरी आधी पिवळी, मग लालसर व्हायची. २६ जुलै २००५ ला ते कुर्ल्याहून चालत आले, गळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन सेलची बॅटरी. ती बरेचदा बंद ठेवून ते काठीनं पुढचा रस्ता चाचपत होते, गटाराचं झाकण जिथं संशयाचं तिथंच लावायचे. विक्रोळीच्या अलीकडे त्यांच्या लक्षात आलं की मागे पंधरा-वीस माणसांची रांग लागलीय. कोणी ओळखीचं नाही. मग मात्र त्यांनी ती चालूच ठेवली.

आणि लुमेन. याबद्दल इंटरनेटवर जितकं खोटं लिहिलेलं आहे तितकं फक्त केसांच्या तेलाबद्दल असेल. चारशे रुपयांच्या हेडलॅम्पवर 'दहा हजार लुमेन' लिहिलेलं असतं. त्यातल्या १८६५० सेलवर '९९०० एमएएच' छापलेलं असतं, जेव्हा चांगल्यातल्या चांगल्या कंपनीचा त्या आकाराचा सेल साधारण साडेतीन हजारांच्या आसपास असतो. सेलवरचा आकडाच खोटा असेल तर बाकी खोक्यावरचं काय वाचायचं? बाहेर पडायला दहा हजार लागतही नाहीत. तीस-चाळीस लुमेन खरे असले तर माणूस पाय कुठं ठेवायचा ते बघू शकतो, शंभर असले तर चैन. त्यापेक्षा तो उजेड किती तास टिकतो हे बघावं. आत जायला तीन तास लागले असतील तर दमलेल्या माणसाला बाहेर यायला चार लागतात, आणि कोणाला लागलं असेल तर किती, ते मला जीवधननं सांगितलंय.

पाण्याचंही बघावं लागतं, कारण मेघालयात बऱ्याच गुहांतून नदी वाहते. आयपीएक्स-४ म्हणजे फक्त शिंतोडे. आयपीएक्स-७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. मी सात धरून चालले.

बाबांचा आग्रह होता लोहार चाळीचा. विजेचं काहीही घ्यायचं तर लोहार चाळ, हा त्यांचा धर्म. एका शनिवारी गेलो. सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केटवरून चालत. तिथं झुंबरापासून फ्यूजवायरपर्यंत सगळं आहे. दुकानदारानं समोर पाच-सहा हेडलॅम्प टाकले. बाबांनी एकेक उचलला, डोळे मिटले आणि बटण शोधायला लागले. तीन बटणं आणि सात मोड असलेला एक होता: पांढरा, लाल, हिरवा, लुकलुक, एसओएस. बंद करता करता दोनदा लुकलुकला. बाबांनी तो बाजूला ठेवला.

"इसका सेल एक हात से निकलता है क्या?"

दुकानदार म्हणाला, "अंकल, ये लाइट है, बंदूक नहीं."

पण मला तेव्हा जीवधनचा तो मुलगा दिसला, गळ्यात बांधलेला हात. एका हातानं उघडता येईल असं झाकण हवं, हे कुठल्याही रिव्ह्यूत मी वाचलेलं नव्हतं.

तिथं दुसरा काही मिळाला नाही, तिसरा मिळाला. एका ट्रिपल-ए सेलवर चालणारी बोटाएवढी धातूची टॉर्च, बटणच नाही, डोकं पिळलं की लागते. अर्धा वळसा जास्त सैल करून ठेवली की बॅगेत काही झालं तरी लागत नाही. दुसरा शेवटी ऑनलाइन घेतला, तीन ट्रिपल-एचा हेडलॅम्प, दोनच मोड, एक मोठं रबरी बटण. अठराशे रुपये. घरी आल्यावर पहिला उद्योग केला तो म्हणजे एक सेल उलटा घालून ठेवला, म्हणजे प्रवासात चुकून दाबला गेला तरी पेटायचा नाही. गुहेच्या तोंडाशी सुलटा करायचा.

दुसरी-तिसरी दोन्ही ट्रिपल-एवर, यावर आमचं भांडण झालं. माझं म्हणणं, सेल सारखे असले तर एकाचे दुसऱ्याला घालता येतात. बाबांचं म्हणणं, एका पाकिटातले सेल खराब निघाले तर दोन्ही गेल्या. मग दोन वेगवेगळ्या पाकिटांतले घातले. हेडलॅम्पला रिचार्ज न होणारे लिथियम, महाग आहेत पण हलके, थंडीत टिकतात आणि अल्कलाइनसारखे पांढरा खार सोडत गळत नाहीत. छोटीला साधे अल्कलाइन, निघायच्या आदल्या दिवशी नवे. सुटे लिथियम सेल विमानात चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, हातातल्या बॅगेत ठेवायचे, तेही यादीत लिहून ठेवलं.

राहिला प्रश्न ठेवायच्या जागेचा. बॅगेत तर मुळीच नाही. बॅग तेव्हा कुठं असेल सांगता येत नाही, अरुंद वाटेत ती पुढं ढकलतात किंवा मागून ओढतात. छोटी टॉर्च दोरीनं गळ्यात, शर्टच्या आत. दुसरा हेडलॅम्प कमरेच्या पाउचमध्ये उजवीकडे, आणि तिथं दुसरं काहीही ठेवायचं नाही, चॉकलेटसुद्धा.

हे सगळं जमवत असताना एका रात्री मी त्या मुलाला फोन केला. आता तो पुण्यात नोकरीला आहे. म्हटलं, तुला एक सांगायचंय, जीवधनला माझा हेडलॅम्प खराब नव्हता झाला, मीच तो बॅगेत पेटता ठेवला होता रात्रभर, आणि आजपर्यंत खोटं बोलत आले. तो थोडा वेळ गप्प होता.

"माहितेय ताई," तो म्हणाला. "घाटघरला रात्री मी पाण्यासाठी उठलो होतो. तुमच्या बॅगेतून उजेड येत होता. मला वाटलं मुद्दाम ठेवलाय, नाइट लॅम्पसारखा. नवीन होतो ना मी, विचारलं नाही."

मग आम्ही बराच वेळ त्याच्या मनगटाबद्दल बोललो. थंडीत अजून ठणकतं म्हणाला.

सध्या मी सराव करतेय. आमच्या घरात पूर्ण अंधार फक्त बाथरूममध्ये होतो, तोही दाराखालच्या फटीला टॉवेल लावला आणि झरोक्याला पुठ्ठा लावला तर. हेल्मेट घालून आत बसायचं, मुख्य दिवा बंद करायचा, पाउचमधून दुसरा काढायचा, झाकण उघडायचं, उलटा सेल चाचपून सुलटा करायचा आणि लावायचा. बाहेर बाबा घड्याळ धरून. पहिल्यांदा चार मिनिटं लागली. सेलचं टोक, ज्यावर बारीक उंचवटा असतो, ते बोटाला कळायला वेळ लागतो. आता दीड मिनिटावर आलंय. काल डावा हात गळ्यात बांधून केलं तर सेल हातातून निसटला आणि फरशीवरून मोरीच्या दिशेनं गडगडत गेल्याचा आवाज आला.

"पडला का?" बाबा बाहेरून म्हणाले. "दिवा लावू का गं?"

"नको," मी म्हटलं, आणि गुडघ्यांवर बसून फरशी चाचपायला लागले.